कुलपं विकणाऱ्याच्या घरची बंदूक

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर तक्रारीची खिडकी आहे, आणि त्या खिडकीमागे ताईनं सगळी नोकरी काढली. कुणाचा नळ गळतो, कुणाला गढूळ पाणी येतं, कुणाला शेजाऱ्याच्या मोटारीनं आपलं पाणी पळवल्याचा संशय. ती ऐकून घ्यायची, संगणकात टाकायची आणि म्हणायची, "नोंद घेतली, माणूस येईल." माणूस कधी यायचा, कधी नाही यायचा. मग लोक परत येऊन तिलाच फैलावर घ्यायचे. दिवसभर दुसऱ्यांचा वैताग अंगावर घेऊन ती संध्याकाळी आपल्या दोन खोल्यांत शिरायची, तेव्हा तिला एवढंच हवं असायचं की आता कुणी कसली तक्रार करू नये. आणि नेमकी त्या वर्षी तिच्यावरच दारोदार तक्रार करत फिरायची पाळी आली. तीही सख्ख्या भावाची.

भावाला सगळे छोटू म्हणत. पन्नाशीला टेकलेला, दारातून आत येताना जरा तिरका होणारा आडदांड माणूस, पण नाव छोटू. मोठ्या रस्त्यावर त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, रंगाचे डबे, आणि दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत टांगलेली कुलपं. गिऱ्हाइकाला तो चांगलं समजावून सांगायचा, हे कुलूप हातोडीनं तुटतं, हे नाही तुटत, सायकलीला हे पुरे, शटरला ते घ्या. स्वभावानं वाईट नव्हता. बापाला त्यानं घरात ठेवून घेतलं होतं, आणि ते कधी बोलून दाखवलं नाही. त्याला एकच रोग होता, तो म्हणजे 'करतो'. काहीही सांगा, "करतो" म्हणायचा. आणि ते इतक्या समजूतदारपणे म्हणायचा की सांगणाऱ्याला वाटावं, झालंच.

बाबा उमेदीत बँकेच्या रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी होते. त्यांची स्वतःची दुनळी बंदूक होती. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी परवाना मुलाच्या नावावर करून दिला. छोटूला बंदुकीचा उपयोग शून्य. त्यानं आयुष्यात चिमणीवर दगड मारला नव्हता. पण दुकानात चार माणसं बसली की तो मध्येच म्हणायचा, "आपल्याकडे आहे हो बाबांची दुनळी," आणि समोरच्याची नजर जरा बदलली की त्याला बरं वाटायचं. बंदूक बाबांच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असायची, कॅनव्हासच्या गवसणीत, वरून रेनकोट. काडतुसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, टीव्हीखालच्या खणात. त्याच खणात नखं कापायचं यंत्र, जुने चष्मे आणि कसल्याशा चार्जरच्या वायरी.

बाबा विसरायला लागले तेव्हा आधी सगळ्यांना गंमत वाटली. त्यांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला, त्यावर घरात आठवडाभर विनोद झाले. मग ते ताईला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. मग त्यांना चोर दिसू लागले. खिडकीच्या गजाला धरून ते अंगणाकडे बघत राहायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "दोघं आहेत. एक खाली वाकलाय." बाहेर कुणी नसायचं. नाहीतर शेजारच्या बाई कपडे वाळत घालत असायच्या.

ताईनं हे पाहिलं त्या दिवशी ती सरळ दुकानात गेली.

"छोटू, ती बंदूक कुलपात ठेव."

"कुठली?"

"घरात चार आहेत का? बाबांच्या खोलीतली. त्यांना चोर दिसतात आणि तू त्यांच्या उशाशी बंदूक टांगून ठेवलीयेस."

छोटूनं एका गिऱ्हाइकाला वॉशर मोजून दिले. मग म्हणाला, "ताई, त्यांना पाण्याचा ग्लास धरवत नाही नीट. बंदूक काय धरतायत."

"विसरलेत ते आपल्याला. बंदुकीला विसरलेत का, तुला काय माहीत?"

"बरं. करतो काहीतरी."

तो करत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं स्वतःच एक लोखंडी कपाट घेतलं. चांगलं जाड पत्र्याचं, दुहेरी कुलपाचं. टेम्पोतून त्याच्या घरी पाठवलं आणि सुट्टी काढून मागोमाग गेली. बंदूक उभी करून पाहिली तर मधल्या फळीला अडत होती. फळी काढली की झालं, चार स्क्रूंचं काम. छोटूनं कपाटाभोवती फिरून कौतुकानं पत्रा वाजवला. "माल चांगलाय. रविवारी फळी काढतो."

रविवार आले आणि गेले. एकदा त्याचं डोकं दुखत होतं. एकदा दुकानात माल उतरायचा होता. एकदा म्हणाला, योग्य मापाचा पाना घरी नाही. हे ऐकून ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझ्या दुकानात पान्यांची भिंत आहे, छोटू." "हो, पण दुकानात आहे ना," तो म्हणाला, आणि बायकोकडे बघून हसला.

मधल्या काळात छोटूच्या बायकोला वाटलं, एवढं कपाट रिकामं कशाला ठेवायचं. तिनं त्यात जादा गाद्या, चादरी आणि पाहुण्यांची पांघरुणं रचली, आणि व्यवस्थित घर चालवणारी बाई असल्यामुळे कुलूप लावून किल्ली आपल्या कमरेला खोचली. ताई पुढच्या वेळी आली तेव्हा पांघरुणं दुहेरी कुलपात होती आणि बंदूक खिळ्यावर.

"अगं, हे काय केलंस?"

"ताई, मला काय माहीत. ते म्हणाले राहू दे तात्पुरतं."

ताई खूप बोलली. आपण खूप बोलतो आहोत, हे बोलता बोलताच तिला कळत होतं. आपला आवाज चढतो तसा समोरच्यांचा चेहरा कोरा होत जातो, हे तिनं खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं हजारदा अनुभवलं होतं. तिनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात तिच्या बोलण्याला एक ठरलेलं उत्तर होतं. समोर कुणी म्हणायचं नाही, पण स्वयंपाकघरात ऐकू यायचं, "त्यांना वेळ आहे हो काळजी करायला."

त्या दिवशी निघताना तिनं टीव्हीखालचा खण उघडला, डब्यातली काडतुसं आपल्या पिशवीत टाकली आणि घरी घेऊन आली. संध्याकाळी छोटू तिच्या दारात. एरवी तिच्याकडे यायला त्याला महिना महिना फुरसत नसायची.

"काडतुसं दे."

"नाही देणार."

"ताई, परवाना माझ्या नावावर आहे. तुझ्याकडे सापडली तर तू आत जाशील. कायदा आहे तो."

"कायदा? दारामागे खिळ्याला बंदूक टांगायचाही कायदा आहे का?"

"ते माझं मी बघतो. तू दे."

तिनं दिली. तो कायद्यानं बरोबर होता, हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. ज्या कायद्याकडे त्यानं वर्षभर पाठ फिरवली होती त्याचं एक कलम त्याला बिनचूक पाठ होतं, आणि ते तिच्याविरुद्ध वापरायला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पोलीस ठाण्यात गेली. टेबलामागचा अंमलदार सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकलं.

"बंदूक परवान्याची आहे?"

"हो."

"कुणाला धमकी दिलीय? झाडलीय?"

"नाही. म्हणून तर आत्ता आलेय."

"मग बाई, तक्रार कशाची घेऊ? काही घडलेलं तर पाहिजे." मग तिचा चेहरा बघून त्यानं आवाज मऊ केला. "घरातल्या घरात समजावा. आम्हीही जमलं तर चक्कर टाकू. माणूस पाठवतो."

ताई खुर्चीवरून उठली. ते शेवटचे शब्द तिचेच होते. सूरसुद्धा तिचाच होता. आपण रोज लोकांना कसं घरी पाठवतो ते तिनं पहिल्यांदा टेबलाच्या या बाजूनं ऐकलं. परत जाताना रस्ता ओलांडायला ती इतका वेळ थांबली की एका रिक्षावाल्यानं विचारलं, कुठे जायचंय.

घटना घडली ती एका साध्या कामाच्या दिवशी, सकाळी. छोटू दुकानात होता. त्याची बायको कोपऱ्यावर भाजी आणायला गेली होती, पाच-दहा मिनिटांसाठी. बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते.

ताईच्या खिडकीवरचा फोन वाजला. पलीकडे एक बाई धापा टाकत बोलत होती. "पाण्याचं ऑफिस का? तुमचा मीटरवाला इथे पडलाय. त्याच्या बॅगेवर हाच नंबर आहे म्हणून लावला. रक्त येतंय खूप. कुणीतरी गोळी मारली."

"पत्ता सांगा," ताई म्हणाली. तिची बोटं सवयीनं कळफलकावर गेली होती. पण बाईनं गल्लीचं नाव घ्यायच्या आतच तिला पत्ता कळला होता. तिनं टाइप केलं नाही. नुसती उठली आणि चपला घालायचं विसरून दारापर्यंत गेली.

मीटरवाला तिच्याच कार्यालयातला. दुसऱ्या मजल्यावर बसायचा, म्हणजे बसायचा फार कमी. दिवसभर गल्ल्या पालथ्या घालायचा, संध्याकाळी येऊन तिच्या खिडकीवर हात टेकवून कुठल्या घरचं कुत्रं कसं आहे ते सांगायचा. "बाई, माणसं चावत नाहीत, फक्त बिल बघून भुंकतात." हा विनोद त्यानं तिला बऱ्याचदा ऐकवला होता. तो छोटूच्या अंगणात भिंतीशी वाकून मीटरचं झाकण उचलत होता. बाबांना चोर वाकलेला दिसला.

ती पोचली तेव्हा मीटरवाल्याला घेऊन गाडी निघून गेली होती. अंगणात झाकण तसंच उघडं होतं आणि आजूबाजूच्या फरशीवर कुणीतरी घाईघाईनं पाणी ओतलं होतं. दारात माणसं होती, आत जायला कुणी धजत नव्हतं. ती आत गेली. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. बंदूक त्यांच्या मांडीवर आडवी होती, मध्ये दुमडून उघडलेली, नळ्या रिकाम्या केलेल्या. झाडल्यावर बंदूक कशी धरायची असते तशी, नियमाला धरून. वापरलेली काडतुसं त्यांनी खिशात ठेवली होती. त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा स्वच्छ होता.

"गाडी पोचली का?" त्यांनी विचारलं.

"पोचली, बाबा."

"रोकड मोजून घेतली?"

"घेतली. द्या ती इकडे."

त्यांनी बंदूक निमूटपणे तिच्या हातात दिली. पोलीस आले तेव्हा ती भिंतीशी उभी होती, बंदूक दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून, जणू ती ओली होती.

मीटरवाला वाचला. छर्रे कमरेत आणि उजव्या मांडीत घुसले होते. डॉक्टरांनी बरेचसे काढले, काही तसेच राहिले. एक शीर दुखावली होती, तो पाय पुढे कधी नीट उचलला गेला नाही. बाबांना तपासून डॉक्टरांनी लिहून दिलं की या माणसाला आपण काय केलं याची समज नाही. त्यांच्यावर गुन्हा लागला नाही. गुन्हा लागला छोटूवर, की परवानाधारक असून त्यानं शस्त्र आणि काडतुसं निष्काळजीपणानं, कुणाच्याही हाताला लागतील अशी ठेवली आणि त्यातून एक माणूस जायबंदी झाला.

छोटूला हे पटेचना. "गोळी मी झाडली का?" तो ज्याला त्याला विचारायचा. दुकानात विचारायचा, जामिनासाठी आलेल्या मेहुण्याला विचारायचा. "मी दुकानात होतो. दहा माणसं साक्ष देतील. मग मी गुन्हेगार कसा?" आणि ऐकणारे मान डोलावायचे, कारण पटकन ऐकलं तर ते बरोबरच वाटायचं.

घटनेच्या दुसऱ्या दिवशी ताई बाबांचे कपडे न्यायला त्याच्या घरी गेली. बाबा तेव्हा इस्पितळात देखरेखीखाली होते. आतल्या खोलीत पलंगावर पांघरुणांचा ढीग होता. लोखंडी कपाट सताड उघडं. तिनं आत पाहिलं. मधली फळी नव्हती. फळी कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवली होती आणि स्क्रू खिडकीत एका वाटीत. आत तळाला तेलाचा बोळा टाकलेला, म्हणजे इथे बंदूक ठेवायचे असा वास यावा.

छोटू दारात येऊन उभा राहिला.

"कधी काढलीस?" तिनं विचारलं.

"काल संध्याकाळी."

"किती वेळ लागला?"

तो दाराच्या बिजागरीवरून बोट फिरवू लागला.

"छोटू, मी विचारतेय, किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं," तो खाली बघून म्हणाला. मग एकदम बोलायला लागला. पोलिसांनी फक्त बाबांची खोली बघितली होती, दारामागचा खिळा आणि गवसणी पाहिली होती. ही खोली कुणी उघडली नव्हती. वकील म्हणत होता, बंदूक एरवी कपाटात असायची, त्या दिवशी फक्त साफ करायला बाहेर काढली होती, असं असेल तर प्रकरण हलकं होईल. घरचे सगळे तसंच सांगणार होते. राहिली फक्त ताई.

"एक वाक्य आहे, ताई. साफ करायला काढली होती. बास."

"कपाट मी आणलंय. त्यात पांघरुणं होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वर्षभर तुझ्या मागे लागलेय."

"ते तुझं-माझं झालं. कोर्टाला काय करायचंय त्याचं?"

"आणि तो माणूस?"

"त्याला मी भेटतो, त्याचं बघतो. करतो काहीतरी."

ताई पलंगावर, त्या पांघरुणांवरच बसली. तिला ओरडायचं होतं, पण वर्षभर ओरडून झालं होतं. तिनं बाबांचे दोन सदरे आणि स्वेटर पिशवीत भरला आणि निघाली. छोटूची बायको बाहेरच्या खोलीत होती. ती म्हणाली, "ताई, घरातला एकच कमावता माणूस आहे. तुमचं एकटीचं असतं म्हणून तुम्हाला कळायचं नाही." ताईला वाईट वाटलं, कारण ही बाई खोटं बोलत नव्हती. घाबरली होती.

बाबा इस्पितळातून परत छोटूच्याच घरी आले. खटला रेंगाळला. कधी न्यायाधीश रजेवर, कधी सरकारी वकिलांकडे कागद नाहीत, कधी छोटूच्या वकिलाला ताप. प्रत्येक तारखेला ताई रजा टाकून जायची, कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि दुपारी परत यायची. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला छोटू आणि त्याची बायको बसायची. ती तिघं एकमेकांकडे बघायची नाहीत. एकदा बाकावर फक्त मधली जागा उरली होती, तेव्हा ताई सबंध वेळ उभी राहिली. नातेवाइकांचे फोन येऊन येऊन तिच्या नाकी नऊ आले होते. दूरच्या एका मावशीनं तर सांगितलं, "अगं, रक्ताचं नातं आहे. तो मीटरवाला तुझा कोण?" ताई म्हणाली, "सहकारी." मावशीला तो शब्द फार थंड वाटला.

साक्षीच्या दिवशी तिनं जे होतं ते सांगितलं. खिळा, गवसणी, रेनकोट, बिस्किटांचा डबा, कपाट, पांघरुणं. मग छोटूचा वकील उठला.

"भावाशी तुमचं वर्षभर भांडण चालू होतं?"

"हो. याच गोष्टीवरून."

"वडिलांचं घर भावाच्या नावावर आहे, त्यावरून नाही?"

"नाही."

"बरं. तुम्ही म्हणता पोलिसांकडे गेला होता. ठाण्यात अशी कुठलीच नोंद नाही."

ताईनं सरकारी वकिलाकडे पाहिलं. तो टेबलावरचे कागद सारखे करत होता. "गेले होते," ती म्हणाली. "त्यांनी नोंद घेतली नाही. काही घडलेलं पाहिजे म्हणाले."

"म्हणजे तुमच्या शब्दाखेरीज पुरावा नाही. आणि ती फळी काढणं इतकं सोपं होतं, तर तुम्हीच का नाही काढलीत?"

हा प्रश्न तिनं स्वतःला विचारून विचारून गुळगुळीत केला होता. "कपाटाला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याकडे होती. आणि काढली असती तरी बंदूक त्यात ठेवायची कुणी? मी काडतुसांना हात लावला तर भाऊ म्हणाला, परवाना माझ्या नावावर आहे, तू आत जाशील. मी परत दिली. बंदूक त्याची होती. ती सांभाळायची जबाबदारीही त्याचीच होती. मी फक्त सांगू शकत होते, ते सांगितलं."

न्यायाधीश बाई होत्या. सर्दीनं बेजार, हातात रुमाल. छोटूची पाळी आली तेव्हा त्यांनी त्याचं पाठ केलेलं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं. बंदूक कपाटात असायची, त्या दिवशी साफ करायला काढली होती.

"आणि काडतुसं?" त्यांनी विचारलं. "तीही साफ करायला काढली होती?"

छोटूनं वकिलाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघा. काडतुसं कुठे असायची?"

"डब्यात," छोटू म्हणाला. "बिस्किटांच्या."

"डबा कुलपात?"

"नाही."

"वडिलांना भास होतात हे तुम्हाला माहीत होतं?"

त्याचे मोठे हात कठड्यावर कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. ताईनं डोळे मिटले. लहानपणी चोरी पकडली गेली की तो असाच, एकदम आणि सगळं, कबूल करायचा. हे उत्तर वर्षभर आधी मिळालं असतं तर, हा विचार तिच्या डोक्यात आला आणि तिला भयंकर राग आला.

निकालात न्यायाधीशांनी सांगितलं की चाप कुणी ओढला याचा विचार इथे करायचा नाही. ज्याच्या ताब्यात शस्त्र आहे त्यानं ते दुसऱ्याच्या हाताला लागू न देणं हे त्याचं काम, आणि धोका ठाऊक असून ते न करणं हा गुन्हा आहे. परवाना कायमचा रद्द. काही महिन्यांची कैद. छोटू उभा होता तो तसाच खाली बसला. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको ताईजवळ आली. सगळ्यांना वाटलं आता ही शिव्या देणार. ती एवढंच म्हणाली, "बाबांना आता तुम्ही न्या. माझ्याच्यानं दुकान आणि ते दोन्ही होणार नाही."

म्हणजे शेवटी बाबा ताईकडे आले. दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली. ती संध्याकाळी ठरल्या वेळेला निघायची, त्यामुळे कार्यालय सुटलं की ताई धावत सुटायची. बाबांनी एकदा न्हाणीघराला आतून कडी लावून घेतली, एकदा तिच्या अंगावर धावून गेले, एकदा तिचा हात धरून दुपारभर बसून राहिले आणि तिला आपली बहीण समजून आईबद्दल विचारत राहिले. ती उत्तरं देत राहिली. खरं बोलून आपल्या वाट्याला काय आलं, असं तिच्या मनात यायचं, तेव्हा ती उठून भांडी घासायला घ्यायची.

मीटरवाल्याला आता गल्ल्या फिरवत नव्हत्या. साहेबांनी त्याला खाली आणून ताईच्या शेजारच्या खिडकीवर बसवलं. साहेबांना वाटलं असेल की हे सोयीचं आहे. दोघांमध्ये एक लाकडी पडदी होती. पहिले काही दिवस तो कामापुरतंच बोलला. कुत्र्यांचे किस्से नव्हते, कारण आता कुत्री भेटत नव्हती. एक दिवस ताईनं स्वतःहून विषय काढला, तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही खरं बोललात, ते बरं केलंत. पण मला ते ऐकून पाय आला नाही. मला चालायचं काम आवडायचं. इथे बसून लोकांची कुरकुर ऐकायची म्हणजे माझं डोकं फिरतं."

"माझंही फिरतं," ताई म्हणाली.

"तुमचं इतकी वर्षं फिरतंय. मग कधीतरी बोला की वरच्यांना."

"बोलते. ते म्हणतात बघतो."

त्यावर तो पहिल्यांदा थोडासा हसला.

छोटू सुटून आला तो बारीक होऊन. काही दिवस दुकानात गेला नाही. मग एका सकाळी, ऐन गर्दीत, तो पाणीपुरवठा कार्यालयात आला आणि ताईच्या खिडकीच्या रांगेत उभा राहिला. ताईनं त्याला पाहिलं, पण पुढच्या माणसाचं गढूळ पाणी ऐकत राहिली. त्याचा नंबर आला.

"बाबा कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"घरी येऊन बघ. इथे कशाला आलास?"

"तो... ते इथेच बसतात ना?"

तिनं मानेनं शेजारची खिडकी दाखवली. "तिकडे रांगेत उभा राहा."

तो गेला. त्या रांगेत बरीच माणसं होती आणि ती हळू सरकत होती. ताई आपल्या समोरच्या बाईचं बोलणं ऐकत होती, पण तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पडदीपलीकडून मीटरवाल्याचा आवाज आला, "बोला, काय तक्रार?"

"मी त्या घरचा," छोटू म्हणाला.

"ओळखलं. पुढे?"

"मी गोळी..." छोटू थांबला. ते वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की आपोआप आलं होतं. त्यानं ते गिळलं. "बंदूक माझी होती. कुलपात ठेवायला पाहिजे होती. मला माहीत होतं आणि मी ठेवली नाही."

"हे कोर्टानं सांगितलंय मला."

"हो. मी स्वतः सांगायला आलो."

रांगेतला कुणीतरी खाकरला. मग मीटरवाला म्हणाला, "ऐकलं. माफ बिफ मला जमणार नाही. आत्ता तरी नाही."

"नाही, ते मागायला नाही आलो."

"बरं. मग बाजूला व्हा, मागे लोक आहेत."

छोटू ताईच्या खिडकीसमोरून दाराकडे गेला. तिला वाटलं होतं, हे शब्द एकदा त्याच्या तोंडून ऐकले की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. उलट तिला वाटलं, एवढंसं बोलायला याला एक माणूस अधू व्हावा लागला. तिनं त्याला हाक मारली. तो वळला.

"रविवारी ये बाबांकडे. सकाळी. मला दिवसभर झोपायचंय."

तो तोंड उघडून नेहमीचं काहीतरी म्हणणार होता, ते तिला दिसलं. मग त्यानं तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली. समोरची बाई वैतागून काचेवर टकटक करत होती. ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा सांगा, पहिल्यापासून. माझं लक्ष नव्हतं."